यंदा वाचलेल्या कथा : पानावर आवडलेल्या, कानाला टिकलेल्या

भुईकोट

वर्ष सरताना आवडत्या कथांच्या याद्या येतात आणि त्यात 'भिडली', 'अंगावर आली' यापलीकडे फारसं काही नसतं. इथे जरा वेगळं करू. यंदा वाचलेली जी कथा आवडली ती मोठ्याने वाचून टिकते का, टिकली तर कशाच्या जोरावर, फसली तर नेमकी कुठे, एवढं लिहा. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की अभिवाचनाच्या, म्हणजे कागदावरून कथा वाचून दाखवायच्या बैठकींना चांगले दिवस असतात. तासाभरात दोन, फार तर तीन कथा बसतात. म्हणून निवडीला धार हवी.

माझ्याकडून सुरुवात.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. माझ्या यादीत ही पहिली. शेतकरी बाप बाजारात टमाटे घेऊन बसलाय आणि पोरगा हे सगळं बघतोय. दिवस चढतो, मग कलतो, भाव उतरत जातो आणि शेवटी बाप स्वतःचाच माल पायांखाली तुडवतो. पानावर वाचताना डोळा शेवटाकडे पळतो. कानाला मात्र मधला उतार जास्त धरून ठेवतो, कारण भाव म्हणजे आकडा आणि आकडा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो. मागचा भाव डोक्यात असतानाच पुढचा, त्याहून कमी भाव येतो. वाचणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. आपल्याकडे कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या बघितलेल्या माणसांना तर अजिबात समजावून सांगावं लागत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. कुणीतरी मेल्याच्या बातमीने नायक खूश होतो, अशी सुरुवात मराठीत दुसरी सहज आठवत नाही. पहिल्या मिनिटात खोली गप्प होते.

बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. गुपित शीर्षकातच फोडलंय. त्यामुळे 'काय होणार' हा प्रश्नच उरत नाही, 'कधी कळणार' एवढाच ताण राहतो, आणि तो प्रत्येक संवादावर चढत जातो. संग्रह १९६३चा. वाचण्याआधी एवढं साल सांगा, बाकी प्रस्तावना नको.

व्यंकटेश माडगूळकरांची 'धर्मा रामोशी'. आटोपशीर आणि बिनचूक.

जी. ए. कुलकर्णींच्या कथा या वर्षी सगळ्यांत जास्त वाचल्या, आवडल्याही सगळ्यांत जास्त. पण मोठ्याने वाचायच्या यादीत एकही घेतलेली नाही. का, ते कुणी विचारलं तर लिहितो.

शेंगाचटणी

मस्त लिहिलाव की ओ. पण 'तासाभरात दोन-तीन' हा हिशोब कुठनं काढला? 'स्मशानातील सोनं' तेवढ्यात बसंल का? पानं आन् मिनिटं यांचं काय गणित हाय, ते आधी सांगा.

मोजपट्टी

गणित सोपं आहे, पण प्रत्येक पुस्तकासाठी ते नव्याने करावं लागतं. एका ओळीतले शब्द मोजा, साधारण दहा येतात. पानावरच्या ओळी मोजा, साध्या आकाराच्या कथासंग्रहात २८ ते ३०. म्हणजे पानाला २८० ते ३०० शब्द झाले. मराठी मोठ्याने, ऐकणाऱ्याला धाप न लागता वाचायची तर मिनिटाला ११०च्या आसपास शब्द होतात. बातम्यांचा वेग याहून बराच जास्त असतो, तो इथे चालत नाही. म्हणजे एका पानाला पावणेतीन मिनिटं धरा. बारा पानांची कथा तेहतीस मिनिटं.

चूक होते ती इथे. लोक मनात वाचून घड्याळ लावतात. मनातला वेग दुप्पट असतो. बारा पानांची कथा मग सतरा मिनिटांत 'बसते' आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात अर्धा तास उलटला तरी संपत नाही. पहिलं आणि मधलं एकेक पान मोठ्याने वाचून सरासरी काढा. पहिलं पान एकटं धरू नका, ते बहुधा वर्णनाचं असतं. मधल्या पानावर संवाद असतात, ओळी तोकड्या, शब्द कमी, पण प्रत्येक संवादाआधी क्षणभर थांबावं लागतं. शब्द कमी म्हणून जो वेळ उरतो, तो तिथे जातो.

ग्रामीण बोलीच्या पानाला तीन मिनिटं धरा. विनोदी कथेला हशाचा वेळ वेगळा. द. मा. मिरासदारांच्या दहा मिनिटांच्या मजकुराला वर दोन मिनिटं ठेवा, आणि हशा पूर्ण विरायची वाट बघू नका. निम्म्यावर आला की पुढचं वाक्य उचला. पूर्ण विरल्यावर उचलाल तर खोली थंड झालेली असते.

एका आवाजातली सलग कथा पंचविसाव्या मिनिटापुढे गेली की मागच्या रांगेतले मोबाइल उजळायला लागतात. तेवढं धरूनच कात्री लावा.

शेंगाचटणी

आता कळलं. कात्री कुठं लावायची ते बी सांगा.

भुईकोट

कात्रीचं 'स्मशानातील सोनं'वरच दाखवतो, कारण तिथे ती हमखास चुकीच्या जागी लागते.

कथेचे टप्पे असे: सावकार मेल्याची बातमी आणि भीमाचा आनंद. मग मागचं, म्हणजे वारणेकाठचा धिप्पाड गडी, कामासाठी मुंबईकडे येणं, खाणीत मिळालेलं काम, खाण बंद पडणं. नंतर राखेत सापडलेलं सोनं, राख चाळणं, पुढे थेट प्रेतांवर जाणं. ती रात्र, कोल्ह्यांशी झुंज, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं. शेवटी तुटलेली बोटं आणि खाण पुन्हा सुरू होत असल्याची बातमी.

वेळ कमी असला की लोक खाणीचा भाग उडवतात. 'मागची हकीकत आहे, कंटाळवाणी आहे, थेट स्मशानात जाऊ.' इथेच कथा मरते. खाण बंद पडली हे ऐकणाऱ्याने ऐकलेलंच नसेल, तर शेवटी खाण सुरू झाली या बातमीला अर्थ काय? भीमा रडतो आणि समोरचे एकमेकांकडे बघतात. शेवटाला ज्याचा आधार आहे ते वाक्य सुरुवातीत शोधा, पेन्सिलने चौकट करा आणि चौकटीला हात लावू नका. बाकीचं कापा. कोल्ह्यांची झुंज लांब आहे, तिच्यातली तीन-चार वाक्यं सहज निघतात. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' आवाजातून कळत असेल तर काढा. पण दोन बायका किंवा दोन म्हातारे बोलत असतील तर ठेवा. आवाज बदलून दाखवायच्या फंदात पडलात की नक्कल होते.

शेवटची बातमी सपाट वाचा. कोल्ह्यांपाशी ओरडून झालेलं असतं, त्याच उंचीवरून शेवट वाचला की तो भाषण वाटतो. झुंजीनंतर आवाज मुद्दाम खाली आणा. दोन परिच्छेद जातील त्यात.

माण_काठ

'धर्मा रामोशी' घेतलीत हे उत्तम. पण तिला कथा म्हणताय, यावर वाद आहे. 'माणदेशी माणसं' (१९४९) ही व्यक्तिचित्रं म्हणूनच ओळखली जातात. सांगोल्यापासून आटपाडीपर्यंतची ती सगळी माणसं ओळखीची वाटतात आणि म्हणूनच अनेक जण ती 'आठवण' सांगितल्यासारखी, गोड करून वाचतात. तिथेच बिघडतं.

भुईकोट 'आटोपशीर' म्हणाले आणि पुढे गेले. जरा थांबायला हवं होतं. ती सगळी गोष्ट एका धोतरावर उभी आहे. म्हाताऱ्या धर्माला धोतर दिलं जातं. तो मात्र पुन्हा जुन्याच अवतारात दिसतो. निवेदकाला राग येतो. मग कळतं की धोतर घरात पोरीच्या अंगावर आहे, कारण तिच्याकडे नेसायलाच काही नव्हतं. माडगूळकर तिथे 'दारिद्र्य' हा शब्द घालत नाहीत, हळहळत नाहीत, वाक्यं तोकडी ठेवतात.

म्हणून वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, निवेदकाचा राग खरा वाटला पाहिजे. वाचणाऱ्याला पुढचं माहीत असतं, म्हणून तो राग आधीच मऊ करून वाचतो आणि ऐकणाऱ्याला वास लागतो. दुसरी, धोतर दिसल्याच्या वाक्यानंतर थांबा हवा, आधी नको. आधी थांबलात तर 'आता काहीतरी येणार' अशी दवंडी पिटल्यासारखं होतं.

भुईकोट

कथा की व्यक्तिचित्र या वादात मी पडत नाही. कानाला फरक कळत नाही. बाकी सगळं मान्य.

तिसरी_घंटा

जी.ए. का वगळले? विचारतोय. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, एवढंच लोकांना पाठ असतं. कथा वाचून दाखवणारे कमी.

भुईकोट

कारण वाक्यरचना. जी.एं.च्या वाक्यात प्रतिमा लांबत जाते आणि क्रियापद शेवटी येतं. डोळा मागे जाऊन वाक्याचं तोंड पुन्हा बघून येतो. कानाला मागे जाता येत नाही. तीन ओळींच्या वाक्यात दोन उपमा असल्या की ऐकणारा पहिल्या उपमेत अडकतो आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरतो. कापायला जावं तर कापायचं काय? प्रतिमा काढली तर उरतो तो सांगाडा, आणि त्यासाठी जी.ए. कुणी वाचत नाही. 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच कथा आहेत, यावरूनच लांबीचा अंदाज घ्या.

होटगी_नाका

इथे असहमत. दोन मुद्दे.

एक. सगळे जी.ए. एका वजनाचे नाहीत. 'पिंगळावेळ' (१९७७) घ्या. त्यात 'ऑर्फियस' आहे, 'यात्रिक' आहे, ती ऐकवायला अवघड, कारण मागची पाश्चात्त्य गोष्ट माहीत नसेल तर अर्धं निसटतं. पण त्याच संग्रहात 'कैरी' आहे. तानीमावशीचं बोलणं मोठ्याने वाचायलाच लिहिलंय असं वाटावं इतकं सरळ. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला तो उगाच नाही. बेळगाव-धारवाडकडची ती मराठी, कानडीच्या शेजारात वाढलेली. पुण्यात तिला तळटीप लागत असेल, सोलापुरात लागत नाही. इथे निम्मी गल्ली घरात कानडी नाहीतर तेलुगू बोलते.

दोन. जी.एं.ची 'स्वामी' ही कथा पूर्ण वाचू नका, शेवट वाचा. वाटेत भेटलेल्या माणसाबरोबर मठात गेलेला प्रवासी, आदरातिथ्य, मग तळघरातली खोली आणि 'आता तुम्हीच स्वामी'. एवढं चार वाक्यांत तोंडी सांगा. मग कोंडलेला माणूस आणि हवेच्या वाटेने वर जाणारी वेल, हा भाग वाचा. दहा मिनिटांत होतो. लांब वाक्यांची अडचण इथे उलट कामाला येते, कारण श्वास कोंडल्यासारखं वाक्य लांबणं हाच तिथला मजकूर आहे. वाक्य तोडू नका, आतल्या स्वल्पविरामांवर चोरटा श्वास घ्या आणि सूर खाली पडू देऊ नका. सूर पडला की ऐकणारा वाक्य संपलं असं धरतो. जी.ए. फसतात ते बहुधा याच एका चुकीने.

भुईकोट

'स्वामी'चं पटलं. 'कैरी' लांबीमुळे अजून पटत नाही, पण वेळ मोजून बघण्यासारखी आहे.

वेस_बाळीवेस

यादीत बाई एकही नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही का?

उर्मिला पवार यांची 'कवच' घ्या. आंबे विकणारी आई, वर्गात बसलेला तिचा मुलगा, आणि आंब्यांच्या नावावरून बायांवर होणारे द्वयर्थी शेरे. मुलाला भीती असते ती आईला कुणी असं बोललं तर काय, याची. आणि आई तिच्या पद्धतीने ऐकवते. 'लाल चिखल' आणि ही एकाच बैठकीत ठेवली तर दोन्हीकडे बाजार, दोन्हीकडे पोराची नजर, आणि शेवट मात्र दोन दिशांना.

वाचताना काय चुकतं, तर द्वयर्थी शेऱ्यावर वाचणारा मिस्कील होतो. एक भुवई वर गेली तरी पुरे. खोलीतले चार जण हसतात आणि तेवढ्यात ऐकणारे शेरा मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतात. कथा पोराच्या कानाने ऐकायची आहे, तेव्हा शेरा कोरडा वाचा.

बोली कोकणची आहे. आपण सोलापूरचे, आपला हेल वेगळा. कोकणी हेल आणायचा प्रयत्न करू नका, नाटकातला मालवणी नोकर तयार होतो. छापलेला शब्द स्वच्छ म्हणा. बोली शब्दांत आहेच.

भुईकोट

हरकत रास्त आहे. 'कवच' यादीत घेतली, 'धर्मा रामोशी'च्या आधी.

मोजपट्टी

उच्चाराचा विषय निघालाच आहे तर एक खास सोलापुरी अडचण. ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कानडी आहे त्यांचा च-ज फसतो आणि छापील मराठी त्याला काही मदत करत नाही. 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज वेगळा, अक्षर मात्र तेच. पानावर दंत्य, म्हणजे 'चारा' आणि 'जरा थांब' मधल्या च-ज खाली पेन्सिलने टिंब द्या. एका कथेत असे पंधरा-वीस शब्द निघतात, दहा मिनिटांचं काम.

प्रत कशी करायची तेही लिहून ठेवतो. पुस्तकातून थेट वाचू नका. शिवण घट्ट असते, पान मिटतं, मान खाली जाते आणि आवाज छातीत अडकतो. ए-४ कागद, एकाच बाजूला छपाई, अक्षर १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. परिच्छेद पानाच्या तळाशी तुटू देऊ नका, उरलेली जागा कोरी सोडा. पानांना ठळक आकडे. स्टेपलर नको, सुटी पानं एका बाजूला सरकवायची, उलटायची नाहीत, म्हणजे माइकमध्ये खरखर जात नाही. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास, दोन म्हणजे थांबा. यापेक्षा जास्त खुणा केल्या की वाचणारा मजकूर सोडून खुणाच वाचतो.

चादर_सोलापुरी

माइकचं राहिलं. तोंडापासून एक वीत, आणि सरळ समोर नाही, हनुवटीच्या थोडं बाजूला. प, फ, ब, भ या अक्षरांचा वारा थेट गेला तर 'भप्प' असा आवाज येतो. 'स्मशानातील सोनं'मध्ये नायकाचं नाव भीमा आहे. दर चार ओळींनी स्पीकर दणकतो, मग वाचणारा दचकून मागे सरकतो आणि पुढची दहा वाक्यं कुणाला ऐकू येत नाहीत. माइक तिरका केला की हे संपतं. चाचणी घेताना 'हॅलो हॅलो' म्हणू नका, त्या कथेतलं भ असलेलं वाक्य म्हणा.

पंखा बंद. डिसेंबर-जानेवारीत चालतं, मार्चनंतर सोलापुरात पंखा बंद करून तासभर बसवणं म्हणजे शिक्षा आहे.

तिसरी_घंटा

परवानगीचं कुणी बोललं नाही.

कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, म्हणजे त्यांची दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' खुली आहे. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत हक्क. जी.ए. १९८७, म्हणजे २०४७. माडगूळकर २००१, म्हणजे २०६१. बागूल २००८, म्हणजे २०६८.

हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता सादर केलं तर कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. प्रवेशमूल्य लावलंत की ती गेली. आणि कार्यक्रमाचं चित्रण करून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय, त्याला ही सवलत लागू होत नाही. तिथे प्रकाशकाकडून किंवा वारसांकडून लेखी परवानगी घ्या. फसतात ते इथेच. कार्यक्रम फुकट होता, म्हणून व्हिडिओही चालेल, असं धरतात.

शेंगाचटणी

हरिभाऊंची कथा आज कोन ऐकंल ओ?

तिसरी_घंटा

ऐकतील, पण पूर्ण नाही. ती लांब आहे आणि वाक्यं जुन्या वळणाची. निवडक भाग पंधरा मिनिटांचा करा. १८७६ ते ७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा चांगलाच होरपळला होता, त्यामुळे इथे विषय परका नाही. फक्त 'आजही तेच चाललंय' असं मध्येच सांगू नका.

माण_काठ

आणि मिरासदारांना नुसतं हशाच्या हिशोबात उडवलंत? जन्म अकलूजचा, १९२७. आपल्याच जिल्ह्याचा माणूस. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या तिघांनी कथाकथन गावोगाव नेलं. त्यातला फरक इथे महत्त्वाचा आहे. ते कथाकथन, म्हणजे कागद न घेता, प्रेक्षक बघून कमी-जास्त करत सांगितलेलं. आपण बोलतोय ते अभिवाचन. शंकर पाटलांची 'धिंड' कागदावरून वाचली की निम्मी उतरते, कारण तिच्यातली गंमत नजरेत आहे. मिरासदारांची 'भुताचा जन्म' मात्र कागदावरून चालते. अफवा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कशी फुगते हे वाक्यांतच आहे. वाचणारा जितका गंभीर, तितकी ती जास्त हसवते.

वेस_बाळीवेस

नव्यातलं कुणी वाचलंय का? आसाराम लोमटे यांचा 'आलोक' (अकादमी २०१६), जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (अकादमी २०१२).

भुईकोट

दोन्ही वाचले, दोन्ही पानावरचे. लोमट्यांच्या कथेत गावातलं राजकारण इतक्या पदरांनी येतं की नावं आणि नाती ध्यानात ठेवायला कागद लागतो. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. पाचपेक्षा जास्त नावं पहिल्या तीन पानांत आली की ती कथा मी बैठकीला घेत नाही. जयंत पवारांचं गिरणगाव इथल्या गिरण्या बघितलेल्यांना जवळचं आहे, पण त्यांची कथा मध्येच निवेदन बदलते, बातमीसारखी होते, पुन्हा गोष्टीकडे येते. दोन आवाजांत वाटून वाचली तर जमेल. एकट्याचं काम नाही.

होटगी_नाका

मग साठ मिनिटांचा क्रम काय ठरला? 'लाल चिखल' शेवटी?

भुईकोट

नाही. 'लाल चिखल' पहिली, साधारण वीस मिनिटं. ऐकणारे ताजे असतात तेव्हाच आकडे धरतात. मग 'भुताचा जन्म' पंधरा मिनिटं, हशा धरून. शेवटी 'कवच' किंवा 'धर्मा रामोशी', दोन्ही नकोत. पाच-सात मिनिटं उरतील, ती रिकामीच ठेवायची, सुरू व्हायला तेवढा उशीर होतोच. 'स्मशानातील सोनं' दुसऱ्या बैठकीला, तिच्याआधी काही नको आणि नंतरही नको.

पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी विचारा. जुनी आवृत्ती मिळाली तर झेरॉक्स करताना कडेची अक्षरं शिवणीत जातात, ती हाताने भरा आणि नव्या आवृत्तीशी ताडून घ्या.

शेंगाचटणी

'कवच' मी वाचतो. टिंबं कोन देणार, मोजपट्टी?

मोजपट्टी

प्रत पाठवा, देतो. फक्त शाईने काही लिहू नका त्यावर.